पहाटेचे स्वप्न

रात्रीच्या शेवटच्या प्रहरी एखाद्या गृहिणीला स्वप्न पडते. माहेरचे अंगण, दाराशी जमलेली माणसे, आणि त्या गर्दीत वडील तेवढे कोठे दिसत नाहीत. ती दचकून जागी होते; कोणाजवळ काही न बोलता कामाला लागते. चौथ्या दिवशी वडील गेल्याची वार्ता येते. त्या क्षणी दुःखाच्या जोडीला आणखी एक विचार तिच्या मनात घर करतो : हे आपल्याला आधी कळले होते! आणि त्याच्या पाठोपाठ काटा रुततो : कळले होते, तर आपण उठून गेलो का नाही?

अशा अनुभवाला हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. स्वप्न पडले हे खरे, वडील गेले हेही खरे. प्रश्न एवढाच आहे की, या दोन गोष्टींना जोडणारा दुवा कोणता?

हा प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, इच्छिलेल्या आणि कल्पिलेल्या गोष्टींची स्वप्ने, पुढे घडणाऱ्या गोष्टींची, म्हणजे ‘भाविक’ स्वप्ने, आणि शरीरातील दोषांमुळे पडणारी ‘दोषज’ स्वप्ने. यांपैकी पहिली पाच निष्फळ समजावीत, असे तेथेच म्हटले आहे. भविष्यसूचक स्वप्न मानणाऱ्या शास्त्रकारांनीही बहुतेक स्वप्ने बाजूला काढली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ग्रीस देशात अ‍ॅरिस्टॉटलने तर खरी ठरणारी बहुसंख्य स्वप्ने निव्वळ योगायोगात जमा केली. आणि ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही आपल्याकडील म्हण त्याच वळणाची आहे.

आधुनिक काळात या विषयाची सर्वांत गाजलेली हकीकत जे. डब्ल्यू. डन या ब्रिटिश सैनिकाची आहे. हा गृहस्थ पुढे विमानांचे आराखडे करणारा अभियंता म्हणून नावारूपास आला. १९०२ साली बोअर युद्धाच्या निमित्ताने तो दक्षिण आफ्रिकेत छावणीत होता. तेथे त्याला एक स्वप्न पडले. आपण एका बेटावर उभे आहोत, जमिनीच्या भेगांतून वाफा उसळत आहेत, बेट आता फुटणार, चार हजार माणसे मरणार, आणि हे फ्रेंच अधिकाऱ्यांना परोपरीने सांगूनही कोणी ऐकत नाही! पुढे छावणीत वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला. त्यात मार्टिनिक या फ्रेंच बेटावरील माँ पेले ज्वालामुखीच्या स्फोटाची बातमी होती. तो स्फोट ८ मे १९०२ रोजी झाला होता. बातमीच्या मथळ्यात मृतांचा आकडा डनने वाचला : चार हजार.

कित्येक वर्षांनी त्या बातमीची नक्कल करून घेताना त्याच्या ध्यानात आले की, मथळ्यात चार हजार नव्हते, चाळीस हजार होते. घाईत एक शून्य नजरेतून सुटले होते. प्रत्यक्षात मृतांची संख्या सुमारे अठ्ठावीस ते तीस हजार होती. म्हणजे स्वप्नातला आकडा घटनेशी जुळत नव्हता, छापील बातमीशीही जुळत नव्हता. तो जुळत होता फक्त डनच्या चुकीच्या वाचनाशी! बातमी वाचल्यानंतरच स्वप्नाची ही आठवण तयार झाली असेल काय, अशी शंका खुद्द डनलाही आली होती. पण पुढील अनुभवांनंतर त्याने ती सोडून दिली, आणि झोपेत मन काळाच्या पुढे जाऊ शकते असा सिद्धान्त १९२७ साली ग्रंथरूपाने मांडला. तथापि, त्याने सोडलेली शंकाच आजच्या अभ्यासकांना अधिक मोलाची वाटते.

कारण स्वप्नाची आठवण ओल्या मातीसारखी असते. जाग आल्यावर काही मिनिटांतच तिचा बराचसा भाग विरून जातो, आणि उरलेल्या भागावर पुढे जे घडेल त्याचा ठसा सहज उमटतो. त्या गृहिणीच्या स्वप्नात वडील खरोखरच दिसले नव्हते काय? की ही रिकामी जागा चौथ्या दिवशी, वार्ता आल्यावर, स्वप्नात शिरली? तिने कोणाला सांगितले नव्हते, कोठे लिहिले नव्हते. म्हणून याचे उत्तर आता तीही देऊ शकत नाही. यात लबाडी मुळीच नाही. स्मरण म्हणजे पेटीत ठेवलेला कागद नव्हे. प्रत्येक वेळी ते नव्याने जुळवले जाते.

दुसरी गोष्ट गणिताची. एखाद्या रात्रीचे स्वप्न केवळ योगायोगाने दुसऱ्या दिवशीच्या घटनेशी तंतोतंत जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे, असे समजू. २०११ च्या जनगणनेनुसार भारताची लोकसंख्या सुमारे १२१ कोटी होती. या हिशेबाने एकट्या भारतात दर रात्री बाराशे माणसांना ‘खरे ठरणारे’ स्वप्न पडेल. ते बाराशे जण जन्मभर ती हकीकत सांगतील. उरलेल्या कोट्यवधींची फसलेली स्वप्ने कोणाच्या लक्षातही राहणार नाहीत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी, तसाच हा प्रकार.

याची एक परीक्षा अमेरिकेत झाली. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग यांचे तान्हे मूल १९३२ च्या मार्च महिन्यात पळवून नेण्यात आले. तपास चालू असतानाच हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रांतून लोकांना आपली स्वप्ने कळवण्याचे आवाहन केले. तेराशेहून अधिक स्वप्ने आली. मे महिन्यात मुलाचा मृतदेह घरापासून काही मैलांवर झाडीत पुरलेला सापडला. मूल मरण पावले आहे, ते पुरलेले आहे आणि जागा झाडांमधली आहे, या तिन्ही गोष्टी जमलेली स्वप्ने निघाली अवघी चार. आणि ती पाठवणाऱ्या चौघांपुरता तो अनुभव केवढा विलक्षण ठरला असेल!

मग ‘पहाटेचे स्वप्न खरे होते’ ही समजूत कोठून आली? १९५३ साली शिकागो विद्यापीठातील अझेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले की, झोपेत ठरावीक काळाने एक अवस्था येते. तिच्यात मिटल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलतात, आणि ठसठशीत स्वप्ने पडतात. ही अवस्था साधारण दर दीड तासाने परतते आणि रात्र सरेल तशी लांबत जाते. पहाटेची स्वप्ने अशी दीर्घ असतात, आणि त्यांतूनच माणूस जागा होतो म्हणून ती ध्यानात राहतात. जी ध्यानात राहतात, तीच खरी ठरू शकतात.

तरीही स्वप्न अगदीच मुके नसते. झोपेत देह एरवी शिथिल असतो. पण काही माणसे, विशेषतः उतारवयातील पुरुष, स्वप्नात पाहिलेली झटापट अंथरुणातच प्रत्यक्ष करतात, ओरडतात, लाथा झाडतात. १९८६ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील वैद्यांनी या विकाराचे वर्णन केले. अशा रुग्णांपैकी पुष्कळांना पुढे काही वर्षांनी कंपवातासारखे मेंदूचे आजार जडतात, असे दिसून आले आहे. येथे स्वप्न उद्याचे पाहत नाही. देहात आजच सुरू झालेल्या बिघाडाची खूण देते. चरकांच्या ‘दोषज’ स्वप्नाची येथे आठवण व्हावी. मनाचेही असेच आहे. वडिलांचा खोल गेलेला आवाज, उतरलेली प्रकृती लेकीच्या मनाने दिवसा टिपलेली असते. कामाच्या घाईत मागे पडलेली ती काळजी रात्री समोर येऊन उभी राहते.

२१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील अ‍ॅबरफॅन गावी कोळशाच्या खाणीतील टाकाऊ मालाचा ढिगारा शाळेवर घसरला. १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले होती. त्यानंतर जॉन बार्कर या मनोविकारतज्ज्ञाने वर्तमानपत्रातून आवाहन करताच, आपल्याला याची आधी चाहूल लागली होती, असे सांगणारी ७६ पत्रे आली. या स्वप्नांची पुढे फार चर्चा झाली. परंतु शाळेमागच्या ढिगाऱ्याचा धोका स्थानिक अभियंत्याने १९६३ सालीच, पूर्ण जागेपणी, लेखी कळवला होता. ती पत्रे दफ्तरात पडून राहिली. चौकशी मंडळाने १९६७ साली राष्ट्रीय कोळसा मंडळाला जबाबदार धरले. त्या गावाला स्वप्नातल्या द्रष्ट्यांची उणीव नव्हती. जाग्या माणसाचे ऐकणारा कोणी नव्हता.

म्हणून ज्याला अस्वस्थ करणारे स्वप्न पडेल त्याने ते सकाळीच तारखेसह लिहून ठेवावे. खरे-खोटे पुढे आपोआप कळेल. स्वप्नात काळजी दिसली, तर त्याच दिवशी त्या माणसाची विचारपूस करावी. स्वप्न खरे ठरेल म्हणून नव्हे, काळजी खरी आहे म्हणून. आणि ज्या लेकीचे जायचे राहून गेले, तिला एवढेच सांगायला हवे की, तिला वडिलांचे मरण आधी कळले नव्हते. कळली होती ती वडिलांविषयीची माया. आणि तिच्याबद्दल कोणीही स्वतःला अपराधी मानण्याचे कारण नाही.