गूबे म्हणायचं की हालक्की?

मराठीत आपण दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतो. कन्नडमध्ये त्याच कामाला खापर लागत नाही, घुबड लागतं. ‘गूबे कूरिसुवुदु’, म्हणजे घुबड बसवणं. भाजी करपली, बस चुकली, मुलाचे मार्क कमी आले, की घरातल्या कुणाच्या तरी डोक्यावर गूबे बसलीच म्हणून समजा. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्या घरांत तर खापरही फुटतं आणि घुबडही बसतं! यात बिचाऱ्या घुबडाचा काय संबंध, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

तो विचारावासा वाटला गोव्यात. चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, पुढे पेडण्यापर्यंत आपल्या बेळगाव-खानापूरकडची कितीतरी कुटुंबं नोकरी-धंद्यासाठी जाऊन राहिली आहेत. त्यांच्याकडे गेलं की हल्ली एक विषय हमखास निघतो. ‘आमच्या बिल्डिंगमध्ये घुबड आलंय हो!’ कुणाच्या एसीच्या खोक्यावर, कुणाच्या पाण्याच्या टाकीखाली, कुणाच्या थेट बेडरूमच्या खिडकीत. सांगणाऱ्याचा आवाज मात्र बारीक झालेला असतो, घरातलं आजारपण सांगावं तसा.

खरं तर घुबड आलेलं नाही, ते तिथलंच. आलोय आपण. डिचोली शहराभोवती आज जिथे वसाहती उभ्या आहेत तिथे शेतं आणि कुळागरं होती. पेडण्यात मोपाच्या पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. त्याआधीपासूनच धारगळपासून मांद्रे-मोरजीपर्यंत बांधकामांचा धडाका लागला आहे. जुना वड, जुना आंबा कोसळला की त्याची ढोलीही जाते आणि ढोलीत राहणाऱ्याला दुसरं घर शोधावं लागतं. पूर्वी मंगलोरी कौलांच्या घरात एखादं कौल सरकलेलं असायचं, माळ्यावर भाताची कणगी असायची, कणगीला उंदीर असायचे आणि उंदरांमागे घुबड. कन्नडमध्ये या घुबडाला ‘कणज गूबे’ म्हणतात. कणज म्हणजे धान्याची कोठार-कणगी. मराठीतही ते ‘कोठीचं घुबड’ किंवा ‘गव्हाणी घुबड’. दोन्ही भाषांनी नाव ठेवताना त्याचं काम बरोबर ओळखलं होतं. शिव्या देताना मात्र दोघी विसरल्या.

डिचोलीतल्या एका वसाहतीत भेटलेल्या कुटुंबाची हकीकत सांगते. नवरा खानापूरकडचा, घरी कन्नड बोलणारा. बायको पेडण्याची. नवऱ्याचे वडील आजारी, अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्यांना गावाहून गोव्याला आणलेलं. फेब्रुवारीत एका रात्री त्यांच्या खोलीच्या खिडकीबाहेर, विजेच्या तारेवर एक छोटा गोल पक्षी येऊन बसला. मुठीएवढं डोकं, पिवळे डोळे, पाठीवर पांढरे ठिपके. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री पुन्हा, आणि चिरर्र-चिरर्र करून किंचाळायलाही लागला. सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला. सुनेनं पेडण्याला आईला फोन लावला, तर पलीकडून आई घाबरून म्हणाली, ‘‘गो बाय, तेका थंय बसाक दिव नको!’’ नवरा काठी घेऊन बाल्कनीत निघाला.

सुनेनं सासऱ्यांना विचारलं, ‘‘अप्पा, हाकलायला सांगू का त्याला?’’

अप्पांनी मान तिकडे वळवली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, ‘‘ब्याडव्वा, बिडु. हालक्की अदु.’’ नको गं, राहू दे. हालक्की आहे तो.

गूबे नव्हे, हालक्की! मराठीत पिंगळा. ‘हालु’ म्हणजे दूध आणि ‘हक्की’ म्हणजे पक्षी, अशी या नावाची फोड करतात. पिंगळा घुबडाच्याच जातीचा, पण आपल्या लोकांनी त्याला घुबडांच्या पंगतीत कधी बसवलं नाही. पहाटे अंधारात दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा जोशी आठवतो का? हातात कंदील, खांद्याला झोळी, कुडमुडं वाजवत येणारा. या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असं तो सांगे. संत एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचलं. कर्नाटकात हेच काम बुडबुडकी करतो. रंगीत पागोटं, अंगावर कोटावर कोट आणि हातात छोटं डमरू. तोही हालक्कीच्या बोलीवरूनच शकुन सांगतो. म्हणजे सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन भाषांतल्या दोन माणसांनी एकाच छोट्या घुबडाच्या आवाजात शुभ वार्ता ऐकली. अप्पांचं बालपण तसल्या पहाटांत गेलेलं. त्यांना त्या आवाजाची भीती वाटणार कशी?

आता तो त्यांच्याच खिडकीशी का आला? याचं उत्तर अगदी साधं आहे. आजारी माणसाच्या खोलीत रात्रभर दिवा असतो. दिव्यावर किडे येतात, किड्यांवर पाली येतात. पिंगळ्याचं जेवण म्हणजे भुंगेरे, नाकतोडे, पाली, लहान उंदीर. रस्त्यावरच्या दिव्यांखालीही तो म्हणूनच दिसतो. शिवाय ज्या घरात आजारी माणूस असतो तिथे कुणी ना कुणी जागं असतं, म्हणून त्याचा आवाज ऐकू येतो. शेजारच्या घरावरही तो बसलेला असतो, पण तिथे सगळे घोरत असतात. आजारी माणूस पुढे दगावला की लोकांना घुबड आठवतं, बरा झाला की डॉक्टर आठवतात. घुबड ओरडलं आणि माणूस गेला, या समजुतीचा मोठा भाग एवढ्यात उलगडतो असं मला वाटतं.

त्या घराजवळच्या नारळाच्या मोडक्या खोडात पिंगळ्याचं घरटं होतं, हे नंतर कळलं. आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा त्यांचा विणीचा काळ. नवऱ्यानं काठी आत ठेवली. अप्पा संध्याकाळ झाली की ‘बंतेनु?’ (आला का?) म्हणून विचारत. ते पावसाळ्यात गेले. तोवर पिंगळ्याची पिल्लं उडून कधीच दुसरीकडे गेली होती.

गव्हाणी घुबडाची तऱ्हा वेगळी. याचा चेहरा पांढराशुभ्र, बदामाच्या आकाराचा, मधोमध सफरचंद चिरून ठेवल्यासारखा. हे घूऽघूऽ करत नाही, चिरकतं. आणि त्याची पिल्लं? ती फुसफुसतात, घोरतात. फ्लॅटच्या डक्टमधून रात्री फुस्स्-फुस्स् आवाज आला की नाग शिरला म्हणून सर्पमित्राला बोलावलं जातं आणि बॅटरी मारली की पाच पांढरी भुतं डोलताना दिसतात! २०१७ मध्ये विशाखापट्टणमच्या एका बांधकामावर सापडलेल्या अशाच पिल्लांची चित्रफीत ‘परग्रहावरचे प्राणी’ म्हणून देशभर फिरली होती. उंच पाय, ताठ उभं राहणं, काळेभोर डोळे. बघणाऱ्याचंही चुकलं नाही म्हणा.

पिल्लं एकाच घरट्यात लहान-मोठी असतात, याचंही लोकांना नवल वाटतं. मादी एक-दोन दिवसांच्या अंतरानं अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे महिनाभरानं पिल्लं जन्मतात तीही पायऱ्यांसारखी. उडायला लागेपर्यंत सुमारे दोन महिने लागतात आणि तेवढ्या काळात आईबाप रात्रभर उंदरांची ने-आण करतात. या घुबडाचे दोन कान डोक्यावर वर-खाली असतात. त्यामुळे आवाज कुठून आला हे त्याला इतकं नेमकं कळतं की मिट्ट काळोखातही ते नुसत्या खसफशीवर उंदीर पकडतं. पंखांच्या कडा झालरीसारख्या मऊ असल्यानं त्याचं उडणं उंदराला ऐकू येत नाही, आणि आपल्यालाही. म्हणूनच ते अचानक समोर येऊन ‘प्रकटल्यासारखं’ वाटतं.

अशा डक्टवरून सोसायट्यांच्या बैठकांत वाद होतात. घाण होते, वास येतो, मुलं घाबरतात, म्हणून जाळी ठोकून भोक बुजवावं असा ठराव येतो. घाण होते हे खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पिल्लं आत असताना जाळी ठोकली तर ती आतच उपाशी मरतात. थांबायचं आहे ते दोनच महिने. पिल्लं उडून गेली की खुशाल जाळी बसवा. आणि त्या दोन महिन्यांत पार्किंगमध्ये उंदरांचं विष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तो सुस्तावतो, सहज सापडतो आणि घुबडाच्या पिल्लांच्या पोटात जातो.

इस्रायलमध्ये १९८०च्या दशकात शेतकऱ्यांनी विषाऐवजी शेतात गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या लावायला सुरुवात केली. शेजारचा जॉर्डन २००२ मध्ये या कामात आला, पॅलेस्टिनी शेतकरीही आले. घुबडं कुठल्या बाजूच्या पेटीत राहतात आणि कुठल्या बाजूचे उंदीर खातात याचा हिशेब कुणी ठेवला नाही. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला ही गंमत जास्त कळेल.

आपल्या जुन्या समजुती सगळ्याच काही घुबडाच्या विरोधात नव्हत्या. घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड उचलून पाण्यात टाकतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, असं आजी सांगायची. विज्ञानाच्या कसोटीला हे उतरणार नाही, पण या भीतीनं किती घुबडांचे प्राण वाचले असतील! पेडण्याच्या पुनवेला, कोजागिरीच्या रात्री, भुतंखेतं उतरवायला लोक गर्दी करतात. त्याच रात्री ‘कोण जागं आहे?’ असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. तिचं वाहन घुबड, आणि नेमाने जागं असतं तेही घुबडच.

पण लक्ष्मीच्या नावानंच त्याचा जीवही घेतला जातो. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडांची चोरटी विक्री होते. ‘ट्रॅफिक इंडिया’ या संस्थेनं २०१० मध्ये यावर अहवाल काढला तेव्हा हा व्यापार लोकांपुढे आला. २०१८ मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातल्या सेडममध्ये दोन शृंगी घुबडांसह काही माणसं पकडली गेली. तेलंगणातल्या निवडणुकीत विरोधकाचं वाईट व्हावं म्हणून ती नेली जात होती, अशी बातमी तेव्हा आली होती. ‘गूबे कूरिसुवुदु’ अक्षरशः खरं करायला निघालेली माणसं! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घुबड पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. त्याच २०१८ साली पुणे जिल्ह्यातल्या पिंगोरी गावात, पुरंदर तालुक्यात, डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशननं उलूक उत्सव भरवला. शाळेच्या मुलांनी घुबडाची चित्रं काढली, मुखवटे घातले. जमल्यास मुलांना घेऊन जावं असं ठिकाण आहे.

आणि समजा, तुमच्याच घरी पाहुणा आला तर? घुबड घरात शिरलं असेल तर आधी पंखा बंद करा. मग दिवे मालवा, एक खिडकी पूर्ण उघडा आणि खोलीबाहेर जा. ते आपण होऊन निघून जातं. दिवसा एखादं घुबड कठड्यावर बसलेलं आणि कावळ्यांनी घेरलेलं दिसलं तर ते आजारीच असेल असं नाही. कावळा-घुबडाचं वैर पंचतंत्राइतकं जुनं आहे. महाभारतात अश्वत्थाम्याला रात्रीच्या हल्ल्याची कल्पना सुचली तीही झोपलेल्या कावळ्यांना मारणारं घुबड बघूनच. दिवसा कावळे त्याचं उट्टं काढतात. कावळ्यांना हुसका, घुबडाला तिथेच सावलीत राहू द्या. काळोख पडला की ते जातं.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर बहुधा आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्यापासून दूर, एखाद्या खोक्यात घालून ते जवळच उंचावर ठेवा आणि लांबून बघा. दूध, भात, पाव काहीही भरवू नका, चोचीत पाणी ओतू नका. पंख लोंबत असेल किंवा रक्त येत असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवून वनखात्याला कळवा. आणि शेजारच्या अज्जी विचारायला आल्या, तर पक्षी छोटा, ठिपक्यांचा आणि पिवळ्या डोळ्यांचा असल्यास बेलाशक सांगा, ‘‘गूबे अल्ल अज्जी, हालक्की!’’