रस्ता वर गेला, घर खाली राहिलं

वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात २६ मे २०२५ च्या सकाळी पाणी घुसलं, त्याच्या चित्रफिती आता सगळ्यांच्या पाहून झाल्या आहेत. पाऊस सोळा दिवस आधी आला, कुलाब्यात मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला, हेही सांगून झालं. हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी इथले छोटे पंप वेळेत चालले नाहीत म्हणून महापालिकेने ठेकेदारांना प्रत्येकी १० लाखांचा दंडही ठोठावला. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मागेच राहिला: परळ, लालबाग, शीव इथल्या जुन्या चाळींच्या तळमजल्यावर पाणी येतं, ते नेमकं कुठून?

दारातून, असं बाहेरच्याला वाटतं. तिथे राहणारे वेगळं सांगतात. दारात दीड-दोन फुटांचा कट्टा बांधलेला असतो, फळी लावून फटींत चिंध्या कोंबलेल्या असतात, रस्त्यावरचं पाणी बाहेर थोपलेलं असतं, आणि तेवढ्यात मागे मोरीत गुडगुड सुरू होते. नहाणी ट्रॅपच्या जाळीतून काळं पाणी वर येतं, मग संडासाच्या भांड्यातून. दाराशी केलेला सगळा बंदोबस्त मोरीत फुकट जातो. आणि हे पाणी नुसतं पावसाचं नसतं, त्यात अख्ख्या गल्लीचा मैला असतो.

मुंबईत पर्जन्यजलवाहिन्या आणि मलवाहिन्या वेगळ्या आहेत. रचना तशीच आहे, पण वापर तसा राहिलेला नाही. कित्येक इमारतींत गच्चीवरून उतरणारा पाइप जवळ पडतो म्हणून मैल्याच्या चेंबरमध्ये सोडलेला असतो. रस्ता तुंबला की मॅनहोलच्या झाकणातून पावसाचं पाणी मलवाहिनीत शिरतं. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यजलाच्या निचऱ्यावरच्या अहवालाने १९९३ साली ही क्षमता ५० मिलिमीटर करायला सांगितलं, पण काम अंगावर घेतलं गेलं ते २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर कोसळल्यावर. त्यातून साडेचार मीटरच्या वर भरती असली की या वाहिन्यांची समुद्राकडची दारं बंद करावी लागतात आणि पाणी फक्त पंपाच्या भरवशावर राहतं. पर्जन्यवाहिनी तुंबली की मलवाहिनीवर भार, आणि मलवाहिनी भरली की तो भार उलटा घराकडे.

पुढचं गणित पाणसळ हातात घेतलेल्या कुठल्याही गवंड्याला कळतं. जोडलेल्या नळ्यांत पाणी सगळीकडे एकाच पातळीला येतं. गल्लीतला मॅनहोल झाकणापर्यंत भरला, तर त्या झाकणापेक्षा खाली असलेली प्रत्येक मोरी वाहू लागणार. रस्त्यावर मैला दिसण्याआधी तो घरात दिसणार.

आणि मुंबईतले रस्ते दर काही वर्षांनी वर येत गेले. डांबरावर डांबर, त्यावर पेव्हर ब्लॉक, मग काँक्रीट. ज्या खोल्यांत एकेकाळी दोन पायऱ्या चढून जावं लागे, त्यांतल्या कित्येकांत आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. मुंबईच्या चाळींना तळघरं नव्हती. ती रस्त्यांनी करून दिली.

हे एका शहरात फार पूर्वी घडलेलं आहे, आणि तिथला माणूस ओळखीचा करून घेण्यासारखा आहे. शिकागोमध्ये १८५४ साली कॉलऱ्याने थैमान घातलं. मिशिगन सरोवराच्या काठचं ते सपाट, दलदलीचं गाव, गटार खणावं तर उतारच मिळत नव्हता. १८५५ साली बॉस्टनहून बोलावलेल्या एलिस चेस्ब्रो या अभियंत्याने उपाय सुचवला तो धाडसाचा होता: जमिनीत गटार जात नसेल तर जमीन वर आणा. मलवाहिन्या जवळपास जमिनीवरच टाकल्या गेल्या, त्यांच्यावर भराव घातला आणि त्यावर नवे रस्ते केले. काही ठिकाणी रस्ता दहा फुटांपर्यंत चढला. श्रीमंतांनी आपल्या इमारतीही उचलून घेतल्या. १८६१ साली ट्रेमाँट हाऊस हे विटांचं मोठं हॉटेल हजारो स्क्रू-जॅक लावून, माणसं एका इशाऱ्यावर ते फिरवत असताना, सहा फूट वर नेण्यात आलं.

ज्यांना हा खर्च झेपला नाही त्यांची घरं होती तिथेच राहिली. पहिला मजला तळघर झाला आणि दुसऱ्या मजल्याला रस्त्यावरून पूल टाकून दार काढलं गेलं. पिल्सनसारख्या जुन्या कामगार वस्तीत अशी खाली गेलेली घरं अजून पाहायला मिळतात. चेस्ब्रोने शहर वाचवलं, यात शंका नाही. पण पाऊस आणि मैला एकाच वाहिनीतून नेणारी ती व्यवस्था भरली की मैला उलटतो तो याच तळघरांत. त्यावर शिकागोने १९७५ पासून जमिनीखाली खोलवर १०९ मैलांचे बोगदे खणायला आणि खाणींचे जलाशय करायला घेतले. तरीही घरांत पाणी येणं थांबलं नाही, म्हणून नव्वदच्या दशकात महापालिकेने एक अजब वाटणारा मार्ग पत्करला. रस्त्याकडेच्या जाळ्यांखाली पाण्याचा वेग अडवणारी साधनं बसवली, म्हणजे मोठ्या पावसात पाणी मुद्दामच काही काळ रस्त्यावर साचून राहावं. गाडीची चाकं भिजली तरी चालतील, पण घरात मैला नको, हा त्या निर्णयाचा अर्थ.

मुंबईने हिंदमाताला काय केलं, ते याच्या शेजारी ठेवून पाहावं. परळ आणि दादरच्या मैदान-उद्यानांखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्या, हे चांगलंच झालं. त्याचबरोबर दोन उड्डाणपुलांमधला रस्ता उंच करून वाहतूक न थांबण्याची सोय केली. पूर आला तरी गाड्या जातात. खालच्या खोल्यांची पातळी मात्र तीच आहे.

घराच्या बाजूने काय करता येतं? पुष्कळ, आणि त्याला टाक्या-पंपांच्या खर्चाचा अंशही लागत नाही. पहिलं काम म्हणजे गच्चीचा पाइप मैल्याच्या चेंबरमधून काढून पावसाच्या गटाराला जोडणं. दुसरं, मोरीचा तळ आणि गल्लीतल्या मॅनहोलचं झाकण यांची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून मोजणं. मोरी खाली निघाली, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. आतून आलेलं पाणी बाहेर जाऊ देणारी आणि बाहेरचं पाणी आलं की बंद होणारी ही एक झडप असते.

ती बसवायची कुठे, इथे घात होतो. प्लंबरला सांगितलं की तो बहुधा इमारतीच्या मुख्य लाइनवर, रस्त्याच्या अलीकडे व्हॉल्व्ह टाकून मोकळा होतो. पुराच्या वेळी झडप मिटते, रस्त्यावरचा मैला अडतो, पण वरच्या तीन मजल्यांवर लोक आंघोळ करतात, भांडी घासतात, फ्लश ओढतात. त्या पाण्याला जायला वाट उरत नाही आणि ते सगळ्यात खालच्या मोरीतून बाहेर पडतं. तळमजल्याच्या घरात आता परक्यांऐवजी शेजाऱ्यांचं पाणी येतं. म्हणून तळमजल्याची लाइन वेगळी काढून फक्त तिच्यावर झडप हवी. वरच्या मजल्यांची लाइन त्या झडपेच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला जोडायची. झडप बंद असेपर्यंत तळमजल्यानेही पाणी सोडायचं नाही. आणि झडपेत केस, वाळू, प्लास्टिकची पिशवी अडकली की ती नीट मिटत नाही, म्हणून वर चेंबर ठेवून पावसाआधी ती उघडून धुवायची. चेंबरवर फरशी घालून टाकलेला व्हॉल्व्ह दोन-तीन पावसाळ्यांत निकामी होतो.

झडप बसेपर्यंत नहाणीला घट्ट बसणारा प्लग आणि संडासाच्या भांड्यात कोंबलेली वाळूची पिशवी थोडा वेळ मिळवून देतात. मीटर आणि स्विचबोर्ड छातीच्या उंचीवर न्यावेत. पाण्यातून चालणं झालंच तर लेप्टोस्पायरोसिसवरच्या प्रतिबंधक गोळ्यांसाठी २४ ते ७२ तासांत डॉक्टर गाठावा. आणि पाणी ओसरावं म्हणून मॅनहोलचं झाकण कुणीही उघडू नये. २९ ऑगस्ट २०१७ ला असंच उघडलेलं झाकण एका नामवंत पोटविकारतज्ज्ञाच्या मृत्यूला कारण झालं.

एवढं सोपं असेल तर घरोघरी का होत नाही? कारण त्रास तळमजल्याला होतो आणि पाइप सगळ्यांचा असतो. १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींत मालकाला मिळणारं भाडं नगण्य, त्यामुळे तो फिरकत नाही. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा जोर खांब, तुळया आणि जिने सावरण्यावर. वरच्या मजल्यांना वर्गणी द्यायचं कारण दिसत नाही. आणि पुनर्विकास आज-उद्या होणार या आशेवर प्रत्येक पावसाळा निघतो. अशा घरातल्या एकट्या कुटुंबाने नवी लाइन टाकावी ही अपेक्षाच अन्यायाची आहे. टोरांटो महापालिका घरमालकांना अशा झडपा आणि पाणी उपसणारे पंप यांसारख्या कामांसाठी अनुदान देते, आणि अनेक वर्षं ते सगळं मिळून घरामागे ३,४०० कॅनेडियन डॉलरपर्यंत होतं. मुंबईत तर रस्ता महापालिकेनेच उंच केला, तेव्हा खाली गेलेल्या मोरीचा खर्चही तिनेच उचलायला हवा.

नालेसफाईची मुदत ३१ मेला संपते. किती गाळ निघाला, ट्रक किती भरले, याचे आकडे आणि फोटो येतात. चाळींच्या मागच्या बोळातलं एकही चेंबर त्या हिशेबात नसतं. एफ दक्षिण विभागाने निदान हिंदमाताजवळची एक गल्ली निवडावी, तिथल्या प्रत्येक तळमजल्याची पातळी मोजावी, गच्चीचे पाइप तोडून वेगळे करावेत आणि झडपा बसवून द्याव्यात. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्या येतातच. त्याआधी एका गल्लीचं काम होऊ शकतं.