सकाळचे हिम, दुपारचे हिम



मार्च सरत आला की आमच्या पाचोऱ्यात पारा चाळिशीकडे धावू लागतो आणि स्टेशनाबाहेर बर्फगोळ्यांच्या गाड्या उभ्या राहतात. गोळेवाला बर्फ किसतो, तो चुरा काडीभोवती मुठीत दाबतो आणि बघता बघता घट्ट गोळा तयार होतो. चुऱ्याचे कण एकमेकांना चिकटले कसे? मध्ये गोंद तर लावलेला नाही! हा प्रश्न मनात ठेवा. त्याच्या उत्तरावर हिमालयात माणसाचा जीव अवलंबून असतो, हे मला औलीच्या उतारावर कळले.

औली हे ठिकाण उत्तराखंडात जोशीमठच्या वर आहे. त्याचे उतार सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत चढत जातात. पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून तेथे हिमावरून घसरत जाण्याचा खेळ शिकवतात. या पट्ट्यांना स्की म्हणतात. काही वर्षांपूर्वी मार्चअखेरीस मी तेथे गेलो होतो. हंगाम संपत आला होता, गर्दी ओसरली होती आणि उतारावर आम्ही मोजकेच जण होतो.

पहिल्या रात्री आकाश निरभ्र होते. सकाळी आठ वाजता उतार फरशीसारखा टणक लागला. स्कीच्या कडा त्यात रुतेनात. दहाच्या सुमारास वरचा बोटभर थर सैल झाला, जाड साखरेसारखा रवाळ, आणि स्की सुळकन धावू लागली. दुपारी दोन वाजता त्याच उतारावर स्की जणू चिखलात अडकली आणि मी तोंडघशी पडलो. उतार तोच, पट्ट्या त्याच, माणूसही तोच. मग बदलले काय?

स्की घसरते कशामुळे?

तुम्ही म्हणाल, दाबामुळे बर्फाचा द्रवणांक उतरतो, पाणी होते आणि त्यावरून स्की घसरते. गणित करून पाहू. स्कीची लांबी १६० सेंटिमीटर व रुंदी ८ सेंटिमीटर धरली, तर दोन्ही स्कींचे क्षेत्रफळ २,५६० चौरस सेंटिमीटर होते. त्यावर ७० किलोग्रॅमचा माणूस उभा राहिला, तर दर चौरस सेंटिमीटरवर फक्त २७ ग्रॅम भार येतो. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या चाळिसाव्या हिश्शाच्या आसपास आहे. द्रवणांक १ अंशाने उतरवायला मात्र सुमारे १३५ वातावरणांइतका दाब लागतो! म्हणजे हे काम एकट्या दाबाचे नव्हे.

बोडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ साली प्रयोगांनी दाखवले, की घसरताना घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि तिच्यामुळे पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. त्याच्याही आधी, १८५० साली, फॅरडेने सुचवले होते, की द्रवणांकाच्या जवळ असलेल्या बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा एक सूक्ष्म थर असतो. दोन तुकडे एकमेकांना टेकले, की मधला थर दोन्ही बाजूंनी बर्फाने वेढला जातो आणि गोठतो. गोळेवाल्याचा गोंद तो हाच!

पाण्याचा हा थर पातळ असेल तोवर वंगणाचे काम करतो. दुपारी पाणी जास्त झाले, की ते स्कीच्या तळाला धरून ठेवते. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींना कशा चिकटतात, ते आठवा.

हिवाळ्याअखेरचे हिम

नवे हिम भुसभुशीत असते. हिवाळ्याअखेरीस ते दिवसा थोडे वितळते आणि रात्री पुन्हा गोठते. या फेऱ्यांत बारीक कण आधी वितळतात, मोठे कण आणखी मोठे व गोल होतात. रवाळ हिम तयार होते ते असे. नवे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ८० हून अधिक परत फेकते. जुने, ओले हिम कमी फेकते आणि जास्त शोषते. त्यामुळे वितळण्याचा वेग आणखी वाढतो. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तापमान शून्यावरच राहते, पण कणांना जोडणारे बंध मात्र एकेक करून तुटत जातात.

ढगाळ रात्र

दुसऱ्या संध्याकाळी ढग आले आणि रात्रभर राहिले. सकाळी आमच्या शिक्षकांनी उतारात काठी खुपसली, तर ती हातभर आत गेली. त्यांनी वरच्या उतारावर जायला मनाई केली. मी हुज्जत घातली, ‘रात्रीचे तापमान तर कालच्याइतकेच, २ अंश होते!’ त्यांनी काही न बोलता आकाशाकडे बोट दाखवले.

दुपारी बाराच्या सुमारास समोरच्या खड्या उतारावरून घरघर ऐकू आली. ओल्या हिमाचा मोठा थर सावकाश सुटला आणि झाडे मोडत खाली गेला. सुदैवाने तेथे कोणी नव्हते.

हिम डोळ्यांना पांढरे दिसते, पण अवरक्त प्रारणाच्या बाबतीत ते जवळजवळ काळ्या वस्तूसारखे वागते. निरभ्र रात्री ते आपली उष्णता आकाशात उधळते. त्यामुळे हवा २ अंशांवर असली तरी हिमाचा पृष्ठभाग शून्याखाली जाऊन गोठतो. ढग असतील तर तेही खाली प्रारण पाठवतात. मग हिम गोठत नाही आणि बंध पुन्हा जुळत नाहीत. हातात फार वेळ धरलेला गोळा काडीवरून गळून पडतो ना? उताराचेही तसेच झाले. प्रारणाचा धडा मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवला होता. आकाशाकडे पाहायला मात्र मी विसरलो होतो. आमच्याकडचा केळी उत्पादक हे कधी विसरत नाही. जानेवारीत चांदणे स्वच्छ पडले, की थंडीचा चटका बसणार हे तो ओळखतो.

तेच वारे, आपल्याकडेही

हिमालयात हिम आणणारे पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राकडून येतात. त्यांच्या प्रभावाला दमट वाऱ्यांची जोड मिळाली, की महाराष्ट्रातही गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यातील उभी पिके झोपवली, ती अशाच परिस्थितीत. उलट हे विक्षोभ रुसले, की हिमच पडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये काश्मीरमधील गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. २०२५ मध्ये तेथील हिवाळी क्रीडास्पर्धा हिमाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

तुम्ही करून पाहा

फ्रीजरच्या भिंतीवर साचलेला भुसभुशीत बर्फ वाटीत घ्या. तो थोडा ओलसर होईपर्यंत बाहेर ठेवा, मग पुन्हा गोठवा. असे चार-पाच वेळा करा. दर वेळी गोठण्याआधी थोडे कण वेगळे काढून भिंगातून पाहा. रवाळ हिम तुमच्या वाटीत तयार झालेले दिसेल. शिवाय हिवाळ्यात महिनाभर रोज पहाटेचे तापमान वहीत लिहा आणि त्यापुढे ‘निरभ्र’ किंवा ‘ढगाळ’ अशी नोंद करा. महिनाअखेरीस दोन्हींची सरासरी काढा. औलीच्या शिक्षकांनी मला बोट दाखवून जे शिकवले, ते तुमची वही तुम्हाला पाचोऱ्यात बसून शिकवील.