राजावाडीची इंग्रजी शाळा

राजावाडी म्हटलं की घाटकोपरकरांना आधी महापालिकेचं रुग्णालय आठवतं. आता त्याच नावाने एक शाळाही ओळखली जाते: मुंबई पब्लिक स्कूल, राजावाडी. महापालिकेची, फी न घेणारी, इंग्रजी माध्यमाची आणि वर सीबीएसईची. २०२१-२२मध्ये पालिकेने शहरात अशा दहा शाळा एकदम काढल्या, त्यांतली ही एक. जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि प्रवेशासाठी चक्क सोडत काढावी लागली. ज्या पालिकेचे शिक्षक पट टिकवायला वस्तीत दारोदार फिरतात, तिच्याच शाळेसाठी!

माध्यमांचं पालिकेला अप्रूप नाही. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांत ती शिकवते. पालिकेच्या एकाच इमारतीत कितीदा दोन-तीन शाळा नांदतात. जिना चढला की माध्यम बदलतं; मुख्याध्यापक वेगळे, हजेरीपट वेगळा, मैदान असलंच तर सामाईक. घटनेचं ३५०अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणतं. गुजराती-तमिळ वर्गांमागे तोच विचार. इंग्रजी वर्गाला मात्र ते कलम लागू पडत नाही. तिथल्या बाकांवर बसणाऱ्या बहुतेकांच्या घरी इंग्रजी बोलतच नाहीत.

कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये नेमकं उलट आहे. १९७७च्या भाषा कायद्यानुसार तिथल्या सरकारी इंग्रजी शाळेत जायचं तर साधारणपणे आई किंवा वडील इंग्रजीतून शिकलेले असावे लागतात. म्हणजे इंग्रजी शाळा ही इंग्रजांच्या वारसांची राखीव जागा. हा नियम घाटकोपरला लावला तर कामराज नगर, रमाबाई नगर या वस्त्यांतल्या पालकांना अर्जसुद्धा भरता यायचा नाही. आपल्याकडे असं बंधन घालणं कठीणच. मातृभाषेतूनच शिका अशी सक्ती सरकारला करता येणार नाही, हे कर्नाटकच्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं. महाराष्ट्राने मग दुसरी वाट धरली: २०२०च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला.

पालिकेची इंग्रजी शाळा मुळात तशी मराठीच आहे. शिक्षण विभागाची परिपत्रकं मराठीत, शिपायाशी बोलणं मराठीत, मधल्या सुट्टीतली भांडणं बंबइया हिंदीत. पालकसभेत बाई इंग्रजीत सुरुवात करतात आणि दुसऱ्या वाक्याला मराठी-हिंदीवर येतात. नाही आल्या तर धुणीभांडी आटोपून आलेल्या आईला पोराचा गृहपाठ कळणार कसा?

या पालकांना इंग्रजीचं खूळ लागलंय म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मुलं कुठल्या माध्यमात शिकतात, ते एकदा विचारावं. २०००मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी विषय आणला, तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. पुढे सेमी-इंग्रजीने अनेक मराठी शाळांचा पट सावरला. माझी तक्रार वेगळी आहे. नवा रंग आणि नवी बाकं प्रामुख्याने इंग्रजी शाळांच्या वाट्याला आली. शेजारच्या मराठी वर्गालाही तेवढंच द्या, मग पालक कुठे रांग लावतात ते पाहू. आणि इंग्रजी वर्गाला शाळा सुटल्यावर तासभर अभ्यासिका हवीच. घरी विचारायला कुणी नसतं.