फूल पाण्यात गेल्यावर काय होते? बतुकम्मापासून घरातल्या काचपात्रापर्यंत

फुलांची सजावट म्हटली की तोरणे, मखरे आणि हार डोळ्यांसमोर येतात. गोव्यात चवथीची माटोळीही गणपतीच्या डोक्यावर अधांतरी बांधली जाते. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात मात्र वर्षातील सर्वांत देखणी पुष्परचना घडते ती पाण्यात सोडण्यासाठीच. तेलुगूबरोबर मराठी आणि गोंडी कानी पडणाऱ्या या जिल्ह्यात, तसेच सर्व तेलंगणात, भाद्रपद अमावास्येपासून आश्विन शुद्ध अष्टमीपर्यंत नऊ दिवस चालणारा हा सण म्हणजे बतुकम्मा. ‘बतुकु’ म्हणजे जगणे आणि ‘अम्मा’ म्हणजे आई. २०१४ साली तेलंगण राज्य अस्तित्वात आल्यावर याला राज्यसणाचा दर्जा मिळाला.

फुले पाण्यात ठेवण्याची हौस आता दिवाणखान्यातही आली आहे. उंच काचपात्रात पूर्ण बुडवलेले ऑर्किड आणि वर तरंगणारी मेणबत्ती, अशी मांडणी लग्नमंडपांत सर्रास दिसते. तळ्यातली रचना आणि टेबलावरची रचना यांचा हेतू वेगळा असला, तरी दोन्ही ठिकाणी फुलाचे पाण्यात जे होते ते सारखेच असते. ते समजून घेतले तर घरातली सजावट टिकवता येते आणि तळ्याचेही नुकसान टळते.

रानफुलांचे शिखर

बतुकम्माची मुख्य फुले बागेतली नाहीत. ‘गुनुगू’ म्हणजे मराठीतले कुरडू आणि ‘तंगेडू’ म्हणजे तरवड. पावसाळा सरताना माळरानावर आणि शेताच्या बांधावर ही फुले आपोआप येतात. तरवड हे तेलंगणाचे राज्यपुष्पही आहे. त्यांच्या जोडीला झेंडू, शेवंती, भोपळ्याची फुले आणि कमळे असतात. पितळी ताटात किंवा बांबूच्या परडीत भोपळ्याची पाने अंथरून, फुलांचे देठ आतल्या बाजूला ठेवून, वर्तुळावर वर्तुळ चढवत नेले जाते. मधली पोकळी पाने आणि देठांचे तुकडे भरून दाबली जाते. वर निमुळते होत जाणाऱ्या या शिखरावर हळदीची गौरम्मा बसते. पांढऱ्या कुरडूची टोके रंगाच्या पाण्यात बुडवून रंगवण्याचीही पद्धत आहे.

संध्याकाळी स्त्रिया बतुकम्मा मध्ये ठेवून टाळ्यांच्या ठेक्यावर फेर धरून गातात. विदर्भातील भुलाबाई किंवा पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला आठवावा असेच हे दृश्य असते. अखेरच्या दिवशी, म्हणजे ‘सद्दुल बतुकम्मा’ला, ही शिखरे वाजतगाजत तळ्यावर नेऊन पाण्यात सोडली जातात आणि रिकामे ताट घरी येते.

बुडालेल्या फुलाचे शरीर

खुडलेले फूलही काही काळ जिवंत असते आणि श्वसन करत असते. हवेत त्याला ऑक्सिजन सहज मिळतो. पाण्यात ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, त्यामुळे बुडालेल्या पाकळीची घुसमट सुरू होते. पाकळीच्या पेशींमध्ये हवेने भरलेल्या बारीक पोकळ्या असतात. फूल प्रथम तरंगते ते त्यांच्यामुळे. हळूहळू त्यांत पाणी शिरते, पाकळी काचेसारखी पारदर्शक आणि लिबलिबीत होते, पेशींतील साखर बाहेर झिरपते, तिच्यावर जिवाणू वाढतात आणि पाणी गढुळते.

रंगाचे गणित निराळे आहे. गुलाबाचा लाल-जांभळा रंग आणि कुरडूची गुलाबी छटा पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांमुळे येते. पेशी फुटताच तो रंग पाण्यात उतरतो. झेंडूचा पिवळा-केशरी रंग पाण्यात न विरघळणाऱ्या कॅरोटिनॉइडचा असतो, म्हणून पाकळी मऊ पडली तरी तो बराच काळ टिकतो.

काचपात्रातली मांडणी

घरी अशी सजावट करायची तर फुलाची निवड महत्त्वाची. जाड, मेणचट पाकळ्यांचे ऑर्किड सर्वांत सोयीचे. जास्वंद किंवा भोपळ्याचे फूल काही तासांतच मलूल होते. पाणी उकळून थंड केलेले असावे. नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने पाकळ्यांना चिकटते आणि फुलाला वर ओढते. देठ स्वच्छ गोट्याला किंवा काचेच्या जड मण्याला बांधून तळाशी बसवावा आणि पाणी पात्राच्या कडेने सावकाश ओतावे. गोल पात्रातील पाणी भिंगाचे काम करते, म्हणून एकच फूलही भरघोस दिसते. गर्दी करण्याची गरज नसते. पात्र उन्हात ठेवू नये, अन्यथा शेवाळ धरते.

ही सजावट दोन-तीन दिवसांचीच मानावी. त्यामागे आरोग्याचेही कारण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्याच्या आत पाणी ओतून पात्र घासले, की हा धोका टळतो.

कोकणातील घरांत सोनचाफ्याचे फूल काठोकाठ पाणी भरून बुचाने घट्ट बंद केलेल्या बाटलीत ठेवण्याची जुनी रीत आहे. हवेला जागाच न ठेवण्यात तिचे मर्म आहे: हवेवर जगणारे जंतू तेथे फोफावत नाहीत आणि चाफ्याचा पिवळा रंगही पाण्यात सहज उतरत नाही.

कृत्रिम फुले कुजत नाहीत, पण पाण्यात तीही निर्धोक नसतात. त्यांच्या देठातील लोखंडी तार गंजते, गोंद सुटतो, कापडाचा रंग उतरतो. वापरण्यापूर्वी एक फूल रात्रभर पाण्यात ठेवून पाहावे. पॉलिथिनचे फूल पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते, त्याला वजन बांधावे लागते. पॉलिस्टर कापडाचे फूल जड असल्याने भिजल्यावर तळाशी जाते. घरातल्या पात्रात हा सोयीचा प्रश्न असतो. तळ्यात मात्र तो गंभीर होतो.

तळे किती फुले पचवते?

तरवड आणि कुरडू पाणी शुद्ध करतात, असे बतुकम्माविषयी नेहमी सांगितले जाते. तरवडाच्या सालीतील टॅनिन कातडी कमावण्यासाठी पूर्वापार वापरले गेले आहे आणि औषधातही या झाडाला स्थान आहे. परंतु एखाद्या वनस्पतीत गुण असणे आणि तिने तळे शुद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यात पडलेले फूल कुजते, आणि कुजताना ऑक्सिजन वापरते.

साधा हिशेब पाहावा. एक ग्रॅम साखर पूर्णपणे कुजण्यास साधारण एक ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ताज्या फुलाचा कोरडा भाग एक दशांश धरला, तर एक किलो फुलांना सुमारे १०० ग्रॅम ऑक्सिजन हवा. ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याच्या एका लिटरात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे एक किलो फुले सुमारे १३ हजार लिटर पाण्यातील ऑक्सिजन संपवू शकतात. प्रत्यक्षात हे एका दिवसात घडत नाही आणि वरच्या हवेतून ऑक्सिजन पुन्हा मिसळत राहतो. एक हेक्टर विस्ताराचे, सरासरी दोन मीटर खोल तळे दोन कोटी लिटरचे असते. गावातील काही डझन बतुकम्मा त्याला जड जात नाहीत. पावसाळ्याच्या अखेरीस तळी तुडुंब असताना हा सण येतो, यातली सोय लक्षात घेण्यासारखी आहे. पण पाऊस हुकलेल्या वर्षी तेच तळे डबके होते, शहरातील विसर्जनकुंड मुळातच लहान असतो, आणि तेथे पहाटेच्या वेळी मासे गुदमरू शकतात. अशा ठिकाणी दुसऱ्या दिवशी फुले बाहेर काढून त्यांचे खत करणे हाच योग्य मार्ग होय.

हा सगळा हिशेब कुजणाऱ्या वस्तूंचा आहे. रासायनिक रंग, चमकी, प्लॅस्टिकची फुले आणि थर्माकोलचा पाया या हिशेबात बसतच नाहीत. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. प्लॅस्टिकचे फूल मात्र तळाशी किंवा काठाशी पडून झिजत राहते आणि त्याचे बारीक कण पाण्यात उरतात. बतुकम्मा पाण्याला सोसली ती तिच्यात ताटाखेरीज सारे काही वनस्पतीचे होते म्हणून, आणि ताट तर घरी परत नेले जाते.

गोव्याला ही गोष्ट दूरची नाही. २४ जूनला सांजावाच्या दिवशी डोक्यावर फुलांचे कोपेल घालून तरुण विहिरीत उड्या घेतात. चवथीला निर्माल्य नदीत आणि तळीत जाते. विहीर तर तळ्याहूनही लहान आणि बंदिस्त. पाण्यात उतरण्यापूर्वी हारातील तार, नायलॉनचा दोरा आणि चमकी काढून ठेवायला दोन मिनिटे पुरतात. आदिलाबादच्या स्त्रिया बतुकम्मा रचतात ती देठ, पाने आणि फुले यांच्याच आधारावर. तिला तारेची गरज कधी पडलेली नाही.