सन्मान मनुष्याचा, आराधना देवाची

सिल्वासाजवळील नरोली हे गाव सन १९५४ च्या पावसाळ्यात एका मोठ्या घटनेचे साक्षी झाले. २२ जुलै रोजी दादरा पोर्तुगीज अंमलातून मोकळे झाले होते. त्यानंतर २८ जुलै रोजी स्वयंसेवकांनी नरोलीची पोलीस चौकी हस्तगत केली आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासाही मुक्त झाले. या लढ्यात ज्यांनी भाग घेतला, त्यांत एक प्रसिद्ध संगीतकार होते, सुधीर फडके. लढ्यासाठी निधी उभा राहावा म्हणून पुण्यात ज्यांनी गायन केले, त्या होत्या लता मंगेशकर.

वाचकहो, क्षणभर विचार करा. ज्या कंठांवर सारा महाराष्ट्र लुब्ध होता, त्यांनी लोकांचे हे प्रेम केवळ स्वतःच्या गौरवासाठी साठवून ठेवले नाही, तर ते दुसऱ्यांच्या कामी लावले. अशा कलावंतांचे ऋण नरोलीच्या लोकांनी मानावे, त्यांचे नाव आदराने घ्यावे, हे उचितच होय. कृतज्ञता हा सद्‌गुण आहे. परंतु कृतज्ञतेची पायरी ओलांडून मनुष्य जेव्हा मनुष्यापुढे धूप जाळू लागतो, तेव्हा काय घडते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

ही केवळ अलंकारिक भाषा नव्हे. आपल्या देशात सिनेनटांची मंदिरे उभी राहिली आहेत. कोलकात्यात एका विख्यात नटाच्या मूर्तीची आरती होते, तर दक्षिणेत नटांच्या भव्य चित्रफलकांवर दुधाचे हंडे रिते केले जातात. आपल्या मराठी मुलखातही एका क्रिकेटपटूस ‘देव’ म्हणण्याची आपणांस इतकी सवय जडली आहे की, तो शब्द उच्चारताना जीभ अडखळत नाही. आणि या वेडाचे मोल कधी कधी प्राणांनी चुकवावे लागते. ४ जून २०२५ रोजी बंगळूर येथे विजयी क्रिकेट संघास पाहण्यासाठी मैदानाबाहेर लोटलेल्या गर्दीत चेंगरून ११ जणांचा अंत झाला. ज्यांचे दर्शन घ्यावयाचे होते, त्यांना या भक्तांची नावेही ठाऊक नव्हती!

पवित्र शास्त्रास ही गर्दी अपरिचित नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात लुस्त्र नगराची हकीगत आहे. संत पौलाने तेथे जन्मापासून पांगळ्या असलेल्या एका मनुष्यास चालते केले. लोक थक्क झाले. देवच मनुष्यरूपाने अवतरले, असा घोष करीत त्यांनी बर्णबा व पौल यांना आपल्या देवतांची नावे दिली. पुजारी बैल व फुलांच्या माळा घेऊन वेशीशी आला. तेव्हा त्या दोघा प्रेषितांनी काय केले? त्यांनी दुःखाने आपली वस्त्रे फाडली, ते गर्दीत धावत शिरले आणि आपणही त्यांच्यासारखीच माणसे आहोत, आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या जिवंत देवाकडे वळा, असे त्यांनी कळवळून सांगितले.

हकीगत येथे संपत नाही. थोड्याच वेळात विरोधक तेथे आले व त्यांनी लोकांची मने फिरवली. मग ज्या नगरात पौलासाठी माळा आणल्या होत्या, त्याच नगरात त्याच्यावर दगड पडले. मेला असे समजून त्याला फरफटत नगराबाहेर टाकण्यात आले. मूर्ती घडविणारा जमावच मूर्ती फोडतो. मार्च २००७ मध्ये विश्वचषकात भारतीय संघ बांगलादेशाकडून हरला, तेव्हा महेंद्रसिंग धोनी यांच्या रांची येथील बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले. मनुष्याला देव करणे हा देवाचा अपमान आहेच, पण तो त्या मनुष्यावरही अन्याय आहे. कारण चुकण्याचा, थकण्याचा आणि हरण्याचा त्याचा हक्क आपण हिरावून घेतो.

येथे कोणी म्हणेल, “मग तुम्ही संतांच्या तसबिरी का लावता? गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांपुढे हजारोंची रांग का लागते?” प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभेने सन ७८७ मध्ये निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेत याचे उत्तर देऊन ठेवले आहे. संतांना व त्यांच्या प्रतिमांना आदर द्यावा. आराधना मात्र एकट्या देवाची करावी. खरा संत स्वतःपाशी कोणास थांबू देत नाही; तो खिडकीसारखा असतो, आपण त्यातून पलीकडचा प्रकाश पाहतो. तथापि आपणही सावध असावे. शवपेटीस हात लागावा म्हणून धक्काबुक्की करणारा, पण शेजाऱ्याशी वैर धरणारा भक्त, त्या लुस्त्रकरांहून फारसा वेगळा नाही.

म्हणून मातापित्यांनो, मुलाच्या हातातील भ्रमणध्वनीवर नटाचे चित्र दिसले म्हणून एकदम संतापू नका. सौंदर्याची व पराक्रमाची ओढ देवानेच तरुण हृदयात घातली आहे. रागावण्यापेक्षा त्याला जवळ बसवून तीन प्रश्न विचारा. या आवडीपायी तुझा अभ्यास, तुझी झोप व घरचा पैसा किती खर्ची पडतो? या मनुष्याकडे पाहून तू अधिक कष्टाळू, अधिक दयाळू होतोस काय? आणि उद्या तो चुकला, तर तू त्याच्यासाठी प्रार्थना करशील की दगड उचलशील? हेच प्रश्न आपणही स्वतःस विचारावेत. कारण पुढाऱ्यांच्या व वक्त्यांच्या पायी लोळण घेणारी वडील मंडळीही थोडी नाहीत. घरात सायंकाळची माळेची प्रार्थना चुकवून जर सर्वजण पडद्यापुढे बसत असतील, तर त्या घरी वेदी कोणाची आहे, हे मुलांना सांगावे लागत नाही.

लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी निवर्तल्या. सुधीर फडके त्याआधीच, २००२ साली गेले होते. कीर्ती कितीही मोठी असली तरी मृत्यूपुढे ती हात टेकते. पण त्यांनी आपले गुण ज्या क्षणी परक्यांच्या मुक्ततेसाठी वेचले, तो क्षण नरोलीच्या इतिहासात राहिला. त्यांच्या तसबिरीस आरती ओवाळून हे ऋण फिटणार नाही. देवाने आपल्याला जो काही कंठ, हात वा बुद्धी दिली आहे, ती शेजाऱ्याच्या कामी लावावी. हाच गुणवंतांचा खरा सन्मान, आणि गुण देणाऱ्याची हीच खरी आराधना.