टेकू काढले नाहीत, पूलच उचलला!

इमारतीचा स्लॅब टाकतात तेव्हा खाली फळ्या आणि टेकूंचं जंगल उभं असतं, पाहिलंय ना? तेच सेंटरिंग. काँक्रीट घट्ट झालं की टेकू ठोकून काढायचे, झालं काम! पण स्लॅबऐवजी तिथे हजारो टनांची कमान असेल तर? सगळं ओझं त्या टेकूंवर दाबून बसलेलं. कोणता टेकू आधी काढाल? आणि काढायला पुढे कोण होणार?

ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात पॅरामाटा नदीवर ग्लेड्सव्हिल पूल बांधताना इंजिनिअरांपुढे हाच पेच होता. कमान तब्बल ३०५ मीटरची, सगळी काँक्रीटची. काँक्रीट मोठं अजब असतं. दाबलं तर ढिम्म हलत नाही, ताणलं की तडकतं. म्हणून कमान त्याच्या सोयीची: वरचं सगळं वजन दोन्ही काठांच्या खडकाकडे ढकललं जातं, आणि काँक्रीट नुसतं दाबलं जातं. मात्र हे पूर्ण कमानीचं झालं. अर्धवट कमान आधाराशिवाय उभी राहत नाही.

कमानीसाठी काँक्रीटचे पोकळ ठोकळे नदीकाठी दुसरीकडेच ओतले. ते तराफ्यावरून आणायचे, सेंटरिंगच्या माथ्यावर चढवायचे आणि उतारावरून हळूहळू खाली सोडून जागेवर बसवायचे. एकेक ठोकळा ५० टनांपर्यंत! असे १०८ ठोकळे जोडले की कमानीची एक पट्टी तयार. अशा चार पट्ट्या शेजारी शेजारी हव्या होत्या.

खरी गंमत आता येते. पट्टी रचतानाच ठोकळ्यांच्या दोन सांध्यांत पोलादी पत्र्यांचे चपटे जॅक बसवले होते. ही फ्रान्सच्या युजेन फ्रेसिने या इंजिनिअरची युक्ती. कडेने जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये दाबाखाली तेल भरलं की जॅक पुरीसारखा फुगायचा. पुरीच्या मानाने फुगवटा अगदीच थोडा, पण जोर? विचारू नका! जॅक फुगले तसे सांधे रुंदावले, म्हणजे पट्टीची लांबी वाढली. तिचे दोन्ही पाय तर खडकात रुतलेले. बाजूला सरकायला जागाच नाही. मग जाणार कुठे? वर! अख्खी पट्टी सेंटरिंगवरून अलगद सुटली आणि स्वतःच्या बळावर उभी राहिली.

सेंटरिंग मोडावं लागलंच नाही. ते तसंच बाजूला सरकवलं आणि त्यावर पुढची पट्टी रचली. मला विचाराल तर पुलाच्या लांबीपेक्षा ही काटकसरच जास्त भारी आहे. एक सेंटरिंग, चार पट्ट्या!

मग कमानीवर खांब आले, खांबांवर रस्ता आला आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये पूल खुला झाला. ज्या द्रुतगती मार्गाचा तो भाग व्हायचा होता, ती योजना पुढे बारगळली. पूल मात्र आजही गाड्यांनी गजबजलेला असतो. काँक्रीटची एवढी मोठी कमान तेव्हा जगात दुसरी नव्हती. हा मान १९८० पर्यंत टिकला. मग युगोस्लाव्हियात, म्हणजे आजच्या क्रोएशियात, क्रक बेटाकडे जाणारा पूल झाला. त्याची कमान ३९० मीटरची!